कॅमेलियन गेली, पोटात अंडी आहेत, आता काय करू?

गेल्या काही आठवड्यांत तुमचे जे प्रश्न आलेत त्यातले बरेचसे एकाच गोष्टीभोवती फिरतायत, ती म्हणजे पाळलेली मादी कॅमेलियन, म्हणजे रंग बदलणारा सरडा, गेली आणि अंडी मागे राहिली, कुणाची पोटात, कुणाची मातीत, कुणाची डब्यात. मी सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करते आणि हा प्रसंग माझ्या टेबलावर बऱ्याचदा आलाय, म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला देते. ज्या प्रश्नात एकेक तास महत्त्वाचा आहे तो आधी.

प्रश्न : माझी व्हेल्ड जातीची कॅमेलियन आज सकाळी पिंजऱ्याच्या तळाशी मेलेली सापडली. रात्री झोपताना जिवंत होती. महिन्याभरापूर्वी नराबरोबर ठेवली होती, पोट टम्म आहे आणि बाहेरून बोट लावलं तर गोट्या गोट्या लागतात. अंडी वाचतील का?

वाचू शकतात. खात्री देत नाही, पण प्रयत्न करण्यासारखी परिस्थिती आहे आणि जे काय करायचं ते आत्ता करायचं, संध्याकाळी नाही.

कारण सांगते. आईच्या पोटात असेपर्यंत अंड्याला ऑक्सिजन आईच्या रक्तातूनच मिळतो, ती गेली की तो बंद. शिवाय मेलेल्या शरीरात आतड्यातले जंतू पसरायला लागतात ते वेगळंच. तुमच्या बाजूने एकच गोष्ट आहे, ती म्हणजे व्हेल्ड कॅमेलियनचं अंडं बाहेर पडतं तेव्हासुद्धा आतला गर्भ अगदीच प्राथमिक अवस्थेत असतो, म्हणजे पिल्लू वगैरे काही नाही, नुसती पेशींची चकती. इतर बऱ्याच सरड्यांची अंडी याच्यापेक्षा खूप पुढे गेलेली असतात. एवढ्याशा चकतीला ऑक्सिजन फार लागत नाही म्हणून थोडे तास हातात मिळतात. रात्रीतून गेली असेल आणि सकाळी लगेच अंडी काढली तर मी आशा ठेवते. शरीराला वास यायला लागला असेल, पोट हिरवट-काळं पडलं असेल, तर मग नाही.

पहिलं काम, सरपटणाऱ्या प्राण्यांचं काम करणाऱ्या डॉक्टरांना फोन करा आणि "मेली आहे, पोटात अंडी आहेत, काढून हवीत" असं स्पष्ट सांगा, नाहीतर मेलेल्या प्राण्यासाठी घाई कशाला असं वाटून तुम्हाला दुपारची वेळ मिळेल. तोपर्यंत तिला दिव्याखालून काढा, खोलीतल्या गार जागी ओलसर पेपर टॉवेलवर ठेवा. फ्रिजमध्ये नको, फ्रिजची थंडी अंड्यांना सोसत नाही.

डॉक्टर दोन-तीन तासांत मिळण्यासारखे नसतील तर घरी करावं लागतं, आणि ती मेली आहे याची शंभर टक्के खात्री असेल तरच (पुढचा प्रश्न त्याचाच आहे). हातात ग्लोव्ह्ज घाला, सरड्यांच्या अंगावर-आतड्यात साल्मोनेला हा माणसाचं पोट बिघडवणारा जंतू असू शकतो, स्वयंपाकघरातली सुरी-कात्री अजिबात नको. उकळून घेतलेली छोटी धारदार कात्री आणि चिमटा. तिला पाठीवर झोपवा, पोटाची कातडी चिमट्याने वर उचला आणि त्या उचललेल्या घडीलाच छोटा छेद द्या, मग कात्रीचं टोक वरच्या बाजूला ठेवून हळूहळू छेद वाढवा. इथे सगळ्यात जास्त अंडी फुटतात, टोक खाली गेलं की गेलंच.

आत दोन्ही बाजूंना एकेक पातळ पारदर्शक नळी दिसेल आणि तिच्यात ओळीने पांढरी लांबट अंडी, माळेतल्या मण्यांसारखी. ही हवीत. त्यांच्याबरोबर कधीकधी हळदीसारख्या पिवळ्या रंगाचे, पूर्ण गोल, मऊ गोळ्यांचे घोस दिसतात, ते म्हणजे कवच न चढलेले बलक, त्यातून काही होत नाही, ते सोडून द्या. नळी दोन अंड्यांच्या मधे कापा आणि ओल्या बोटाने अंडं हळू पुढे ढकला, ओढू नका, दाबू नका. अंडं कडक नसतं, चामड्यासारखं असतं, त्यामुळे जोर लागला की पोचा पडतो. एखादं फुटलंच तर त्याचा बलक बाकीच्यांना लागू देऊ नका, लागला तर कोमट पाण्यात भिजवून पिळलेल्या टिश्यूने टिपून घ्या, कारण बुरशी पहिल्यांदा त्या बलकावरच येते. साबण नको, जंतुनाशक नको, अंडी पाण्यात बुडवायची नाहीत.

काढलेलं प्रत्येक अंडं लगेच तयार डब्यात. डबा कसा करायचा ते खाली आहे, कुणीतरी घरातल्याने तो आधी करून ठेवला तर उत्तम. अंडी निघाली की मग तिचं शरीर पिशवीत घालून फ्रिजमध्ये ठेवा, फ्रीझरमध्ये नको, म्हणजे पोस्टमॉर्टम करून ती का गेली ते कळू शकेल.

प्रश्न : ती खरंच मेली आहे हे घरच्या घरी कसं ओळखायचं? माझी पडून आहे, डोळे बंद, काळपट पडलीये, पण मला भीती वाटते.

तुमची भीती अगदी बरोबर आहे आणि ती बाजूला सारू नका. गारठलेला किंवा खूप अशक्त झालेला कॅमेलियन मेल्यासारखाच दिसतो, श्वास इतका हळू की दिसतच नाही. रंगावरून काही ठरत नाही, मेल्यावर काही फिक्या पडतात काही काळ्या. आणि दुसरी बाजूही आहे, सरपटणाऱ्यांचं हृदय मेंदू बंद पडल्यावरही बराच वेळ धडधडत राहू शकतं, म्हणून नुसत्या छातीच्या हालचालीवर जाता येत नाही.

तिला पंचवीस-सव्वीस अंशांच्या खोलीत अर्धा तास ठेवा आणि नजर हलवू नका. कुशीजवळ श्वासाची हालचाल होते का बघा. पापणीच्या मधल्या छोट्या भोकाला ओल्या कापसाच्या टोकाने हलकेच स्पर्श करा, शेपटीच्या बुडाला, पायाच्या पंज्याला चिमटा घ्या. कॅमेलियनचा पंजा जिवंतपणी काहीतरी पकडतोच, अगदी शेवटच्या ताकदीनेसुद्धा, तुमच्या बोटाभोवती जराही आवळला गेला तर ती आहे. अर्ध्या तासात काहीच नाही, शरीर ताठरायला लागलं, तर मग गेली. डॉक्टरांकडे डॉप्लर, म्हणजे हृदयाचे ठोके ऐकवणारं यंत्र असतं, त्याने नक्की कळतं, शक्य असेल तर तेच करा. या अर्ध्या तासाने अंड्यांचं फार नुकसान होत नाही, पण जिवंत प्राण्यावर कात्री चालली तर ते कशानेही भरून येणार नाही.

आणि तुमच्या प्रश्नावरून मला वाटतंय की ती कदाचित अजून आहे. तसं असेल तर अंड्यांचा विचार सोडा, तिला घेऊन निघा. अंडी अडकलेल्या मादीला पाणी, कॅल्शियम आणि वेळेत ऑपरेशन मिळालं तर ती वाचू शकते. ऑपरेशनमध्ये अंडी तशीही बाहेर येतात. आणि ती वाचणारच नाही, तिला शांतपणे झोपवावं लागेल असं डॉक्टर म्हणाले, तर इंजेक्शनच्या आधी सांगा की तुम्हाला अंडी हवी आहेत. मग तिला पूर्ण भूल देऊन आधी अंडी काढता येतात आणि भुलीतून बाहेर न आणता पुढचं केलं जातं. शेवटचं औषध एकदा शरीरात गेलं की ते अंड्यांपर्यंतही जातं, मग उशीर झालेला असतो.

प्रश्न : हिने मातीत 14 अंडी घातली आणि दुसऱ्या दिवशी गेली. पोटात अजून आहेत असं वाटतं. मातीतली काढू का तशीच ठेवू? दोन्ही एकत्र ठेवली तर चालेल?

मातीतली काढा, पिंजऱ्यातल्या मातीची ओल आणि तापमान सहा ते नऊ महिने सांभाळणं कुणाला जमत नाही. बोटांनी आणि मऊ ब्रशने वरून एकेक थर बाजूला करा. अंडं दिसलं की हलवायच्या आधीच त्याच्या वरच्या बाजूला मऊ पेन्सिलने बारीक ठिपका करा आणि तो ठिपका वर ठेवूनच डब्यात न्या. पहिल्या दिवशी थोडं फिरलं तरी बिघडत नाही पण नंतर गर्भ कवचाच्या आतल्या बाजूला चिकटतो, मग अंडं उलटलं तर तो बलकाखाली दबू शकतो. कोंबडीची अंडी फिरवायची असतात, हिची नाही. पोटातून काढलेल्या अंड्यांना वर-खाली असं काही ठरलेलं नसतं, ती ठेवाल तशी, पण ठेवल्यावर ठिपका करा आणि मग फिरवू नका.

डबे मात्र वेगळे. एकावर "मातीतली", दुसऱ्यावर "पोटातली", दोन्हीवर तारीख. पोटातली आधी खराब होण्याची शक्यता जास्त, त्यांची बुरशी चांगल्या अंड्यांत जायला नको.

माझ्याकडे अगदी अशीच एक आली होती, अर्धी अंडी घालून थकून गेलेली. उघडल्यावर डावीकडची नळी रिकामी आणि उजवीकडे अकरा अंडी, त्यातलं सगळ्यात खालचं अंडं बाकीच्यांच्या दीडपट, कवच खडबडीत, खडूसारखं. ते बाहेर येईना आणि मागची दहा त्याच्यामागे अडकून बसलेली. ते एक टाकलं, दहा ठेवली. त्या दहातल्या चारांतून पिल्लं निघाली, मातीतल्यांपेक्षा जवळजवळ तीन आठवडे उशिरा. मालकांनी तोपर्यंत दोनदा मला विचारलं होतं की टाकून देऊ का, आणि मी दोन्ही वेळा म्हटलं की बुरशी नाही, वास नाही, मग घाई कसली.

प्रश्न : अंडी काढली आणि सध्या कापसात गुंडाळून डब्यात ठेवलीयेत. इनक्युबेटर नाहीये. टेबल लॅम्पखाली ठेवू का?

लॅम्प नको आणि कापूसही आजच काढा. कापूस एकतर लगेच सुकतो नाहीतर चिकटतो, आणि त्याचे धागे कवचातून ओल ओढून घेतात. या अंड्यांना उब कमी आणि ओल जास्त लागते, आपल्याला मात्र "उबवणं" म्हटलं की गरम काहीतरी हवं असं वाटतं आणि तिथेच गडबड होते.

झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा घ्या, त्यात चार-पाच सेंटिमीटर व्हर्मिक्युलाइट किंवा पर्लाइट, बागकामाच्या सामानात मिळतं ते, खत न मिसळलेलं. व्हर्मिक्युलाइट असेल तर जेवढं त्याचं वजन साधारण तेवढ्याच वजनाचं पाणी. वजनकाटा नसेल तर मुठीत घेऊन आवळा, गोळा व्हायला हवा पण बोटांतून थेंब गळता कामा नये. गळला तर जास्त झालं, आणि जास्त ओल कमी ओलीपेक्षा वाईट. बोटाने खळगे करा, अंडी आडवी, अर्धी आत अर्धी बाहेर, दोन अंड्यांत दोन सेंटिमीटर अंतर, म्हणजे एक खराब झालं तर शेजारचं वाचतं, शिवाय अंडी पाणी पिऊन फुगतात त्यांना जागा लागते. झाकणाला एक-दोन सुईएवढी भोकं पुरेत, किंवा भोक न पाडता आठवड्यातून एकदा झाकण उघडून हवा बदला.

मग सगळ्यासकट डब्याचं वजन करून झाकणावर लिहून ठेवा. ही युक्ती मी सगळ्यांना सांगते कारण पाणी कधी घालायचं हा प्रश्नच राहत नाही. महिन्याने वजन जेवढं ग्रॅम कमी झालं असेल तेवढंच पाणी कडेकडेने सोडायचं, अंड्यांवर नाही.

तापमान, व्हेल्डसाठी 25 ते 27 अंश धरा. खोलीचं तापमान या आसपास राहत असेल तर इनक्युबेटरची गरजच नाही, कपाटातला आतला अंधारा कोपरा पुरतो, रात्री थोडं खाली गेलं तरी चालतं. तीस अंशांच्या वर मात्र जाऊ देऊ नका. डब्याशेजारी थर्मामीटर ठेवा, अंदाजावर नको. पँथर या दुसऱ्या जातीच्या कॅमेलियनची अंडी असतील तर आणखी जरा गार, बावीस ते पंचवीस. यांची तऱ्हा वेगळी आहे, मादागास्करमध्ये त्यांच्या अंड्यांच्या वाट्याला मधे थंड कोरडा काळ येतो, गर्भ तेवढा वेळ थांबून राहतो आणि पुन्हा उबेचे दिवस आले की पुढे सरकतो, म्हणून काही अनुभवी लोक मुद्दाम मधले काही आठवडे डबा थंड जागी ठेवतात. पहिल्यांदा करताय तर त्या भानगडीत न पडता एकसारखं सौम्य तापमान ठेवा.

प्रश्न : माझ्याकडे नर कधीच नव्हता. मादी अंडी अडकून गेली. ती अंडी ठेवून उपयोग आहे का?

ती लहान असल्यापासून तुमच्याकडेच असेल आणि नराशी कधीच गाठ पडली नसेल, तर नाही. व्हेल्ड मादी नराशिवायही अंडी घालते, पण त्यातून पिल्लं येत नाहीत. ठेवलीत तर काही आठवड्यांत पिवळी पडून खचतील आणि तुमचा जीव उगाच टांगणीला लागेल.

पण ती मोठी झाल्यावर कुणाकडून घेतली असेल तर थांबा. या माद्या नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवतात आणि एका मीलनावर पहिली खेप घातल्यानंतर तीन-चार महिन्यांनी दुसरी खेपही फलित घालू शकतात. आधीच्या मालकाला विचारा, आणि कळेपर्यंत अंडी डब्यात जाऊ द्या.

प्रश्न : आई गेल्यानंतर काढलेली 22 अंडी तीन महिन्यांपासून डब्यात आहेत. टॉर्च लावून बघते तर आत नुसतं पिवळसर गुलाबी, शिरा नाहीत. सगळे म्हणतात मेलीत, टाक. मला टाकवत नाही.

टाकू नका. तीन महिने म्हणजे व्हेल्डच्या हिशोबात अजून अर्धी वाटही नाही, साधारण सहा ते नऊ महिने लागतात, तापमान कमी असेल तर आणखी. आणि अंडं बाहेर आल्यावर पहिले जवळजवळ दोन महिने ती पेशींची चकती जवळपास तशीच थांबून असते, म्हणजे तुम्ही ज्या काळात रोज टॉर्च लावून शिरा शोधत होतात त्या काळात दिसण्यासारखं काही नव्हतंच. इतके दिवस काहीच होत नाही म्हणून माणूस हताश होतो, पण ते अंड्याचं नेहमीचं वेळापत्रक आहे.

"पिवळसर गुलाबी" लिहिलंत त्यातला गुलाबी महत्त्वाचा. मेलेलं अंडं टॉर्चमध्ये सपाट पिवळं दिसतं, आतून बल्ब लावल्यासारखं एकसारखं. जिवंत अंड्यात कुठेतरी गुलाबी झाक किंवा लालसर कडं दिसायला लागतं आणि नंतर त्या कड्यातून केसासारख्या शिरा निघतात. अंधाऱ्या खोलीत, छोट्या गार एलईडी टॉर्चने, अंडं न उचलता, बाजूने उजेड लावून दोन-तीन सेकंद बघा, आणि महिन्यातून एकदाच. रोज नाही, खरंच नाही.

मला विचाराल तर या सगळ्या प्रकारात घाई फक्त आई गेल्यानंतरच्या पहिल्या काही तासांत करायची असते. त्या वेळी लोक रडत बसतात, ते मी समजू शकते, आणि मग नंतरच्या आठ महिन्यांत सगळी घाई करतात, उघडून बघ, हलवून बघ, एक फोडून बघ. एक फोडून बघ तर अजिबात नको. आत थांबलेला गर्भ तुम्हाला साध्या डोळ्यांनी ओळखता येणार नाही, तुम्ही म्हणाल काही नाही, आणि बाकीची एकवीस टाकाल.

प्रश्न : काही अंड्यांवर पांढरी बुरशी, काहींना पोचे. काय करू?

बुरशी आलेलं अंडं फुगलेलं आणि घट्ट असेल तर कोरड्या कापसाच्या काडीने पुसून दुसऱ्या छोट्या डब्यात वेगळं ठेवा, जिवंत अंड्यावर वरवर आलेली बुरशी बऱ्याचदा आत जात नाही. मऊ, पिवळं, ओघळलेलं, वास येणारं असेल तर टाका. दोन अंडी एकमेकांना चिकटली असतील तर सोडवू नका, कवच फाटतं.

पोचे सुरुवातीच्या महिन्यांत पडले तर ओल कमी आहे, कडेने थोडं पाणी सोडा, दोन-चार दिवसांत भरून येतात. शेवटी शेवटी पोचे पडले आणि अंड्यावर घामासारखे थेंब दिसले तर काही करू नका, पिल्लू निघायची वेळ आलीये.

प्रश्न : माझी जॅक्सन्स कॅमेलियन गेली, पोट भरलेलं होतं. अंडी कशी काढू?

जॅक्सन्सला तशी अंडी नसतात, तिच्या पोटात पिल्लंच वाढतात, पाच ते नऊ महिने, आणि बाहेर येतात ती पातळ चिकट पडद्यात गुंडाळलेली. मोठ्या झालेल्या पिल्लांना ऑक्सिजन भरपूर लागतो म्हणून इथे तास नाहीत, मिनिटं असतात. दिवस पूर्ण भरलेले असतील आणि ती तुमच्या डोळ्यांदेखत गेली असेल तर डॉक्टर लगेच काढून पडदा फाडून काही वाचवू शकतात. तुमच्या पत्रावरून ती आदल्या दिवशी गेली होती. मला वाईट वाटतं हे लिहायला, पण तुम्ही काही केलं असतं तरी त्या वेळेनंतर ती पिल्लं वाचली नसती.

प्रश्न : माझ्यामुळे गेली का? अजून एक मादी आहे, तिला तरी वाचवायचंय.

पोस्टमॉर्टमशिवाय कुणाला दोष देता येत नाही, तुम्हालाही नाही. पण अंडी अडकण्याची कारणं बरीचशी ठरलेली आहेत म्हणून दुसरीसाठी सांगते. सगळ्यात नेहमीचं कारण, अंडी घालायला जागा नाही. मादी खाली उतरून सैरभैर फिरायला लागते, काच खरवडते, खाणं सोडते, ती जागा शोधत असते. तिला वाळू आणि मातीचं ओलसर मिश्रण, वीस-तीस सेंटिमीटर खोल, बोगदा केला तर ढासळणार नाही इतपत दाबलेलं, असा मोठा डबा कायम पिंजऱ्यात हवा, आणि खणताना कुणी बघतंय असं वाटलं तर ती खणणं सोडून देते, म्हणून बाजूने कापड लावा आणि लांबून बघा. व्हेल्ड मादीला हा डबा सहा महिन्यांची झाल्यापासून ठेवा, नर असो नसो.

दुसरं म्हणजे पाणी आणि कॅल्शियम, आणि कॅल्शियम अंगी लागायला यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा. तो दिवा उजेड देत राहतो पण त्यातलं यूव्हीबी हळूहळू संपतं, त्यामुळे कंपनीने सांगितलेल्या मुदतीत बदलावा लागतो, चालू दिसतोय म्हणजे ठीक असं नाही.

तिसरं लोकांना पटत नाही, ते म्हणजे जास्त खायला घालणं. मोठी झालेली व्हेल्ड मादी रोज पोटभर खाते आणि भरपूर ऊब घेते तेव्हा तिचं शरीर सगळं अंड्यांतच घालतं, साठ-सत्तर अंड्यांच्या खेपा होतात आणि एकेका खेपेला ती पोखरून निघते. एक दिवसाआड मोजके किडे आणि दिव्याखाली 27-28 अंशांच्या वर नाही, असं ठेवलं तर खेपा लहान होतात, कधी बंदही होतात. प्रेमाने जास्त भरवणारेच इथे फसतात, आणि त्यांना कुणी आधी सांगितलेलंच नसतं.

प्रश्न : दोन अंड्यांवर थेंब आलेत! आई नाही तर पिल्लांना कोण सांभाळणार? आम्ही काय करायचं?

आई असती तरी तिने सांभाळलं नसतं. कॅमेलियनची मादी अंडी घालते, खड्डा बुजवते, वरची माती पायांनी दाबून सारखी करते आणि जाते, पुन्हा वळून येत नाही. मादागास्करमध्ये फर्सिफर लाबोर्डी नावाची एक जात आहे, तिच्यावरचा अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला, तिच्यात तर दरवर्षी अंडी मातीत असतानाच जवळजवळ सगळी मोठी पिढी मरून जाते. आठ-नऊ महिने ती जात जमिनीखाली अंड्यांच्या रूपातच असते, वर सहसा जिवंत जनावर नसतं, आणि पाऊस सुरू झाला की पिल्लं एकदम बाहेर येतात, कुणीही नसताना. तेव्हा तुमची पिल्लं पोरकी आहेत म्हणून अडणार नाहीत.

आता दोन-तीन दिवस डब्याला हात लावू नका. अंडं थोडं आक्रसेल, मग टोकाला चांदणीसारखी चीर पडेल आणि तिच्यातून नाकाचं टोक बाहेर येईल. पिल्लू तसंच, तोंड बाहेर काढून, डोळे मिटून, कितीतरी तास बसतं, कधीकधी पूर्ण दिवस. बघवत नाही, हात शिवशिवतात, पण ते आत उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं, ओढून काढलंत तर तो बलक बाहेर फाटून राहतो आणि पिल्लू जातं. सगळी एका दिवशी निघणार नाहीत, काही आठवडे मागेपुढे चालतं, मागे राहिलेल्यांचा डबा तसाच ठेवा.

निघालेलं पिल्लू शेपटीसकट तुमच्या बोटाएवढं असेल. बारीक फांद्या आणि पानांच्या छोट्या जाळीदार पिंजऱ्यात ठेवा, खाली नुसता पेपर टॉवेल, सौम्य दिवा आणि यूव्हीबी, दिवसातून तीन-चार वेळा बारीक फवारा, थेंब पानांवरून चाटतात. पहिल्या एक-दोन दिवसांत खाल्लं नाही तरी घाबरू नका, नंतर फळमाश्या आणि टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे, रोज, त्यांच्यावर कॅल्शियमची हलकी पूड. चार-पाचच्या गटात ठेवा आणि एखादं मागे पडताना दिसलं, दुसऱ्यांसमोर काळवंडून कोपऱ्यात बसायला लागलं, की लगेच वेगळं करा. दोन-तीन महिन्यांत तशीही प्रत्येकाला वेगळी जागा लागणार आहे, तेव्हा किती ठेवायची आणि किती कुणाला द्यायची हे आजपासूनच ठरवा.

मागच्या पायाच्या टाचेला छोटा टोकदार उंचवटा दिसला तर तो नर. व्हेल्डमध्ये तो निघाल्या दिवसापासून असतो, भिंगातून बघा. दोन्ही अंडी फुटली की कळवा, टाच कशी आहे तेही.